महाडचे पाणी : ठराव, ओंजळ आणि निकाल

सभा आणि मोर्चे यांचा इतिहास सांगताना बहुधा एकाच दिवसाचे वर्णन केले जाते. किती लोक जमले, कोण बोलले, लाठी चालली की नाही, एवढे सांगितले की कथा संपते. परंतु ज्या मोर्चाने समाजस्थितीत खरा पालट घडतो त्याचे आयुष्य एका दिवसाचे नसते. त्याच्या आधी कित्येक वर्षे कोठेतरी एखादा ठराव लिहिला गेलेला असतो, आणि त्याच्यानंतर कित्येक वर्षे कोठेतरी एखादा खटला चालू राहतो. ही दोन्ही टोके वगळली म्हणजे मधला दिवस केवळ एक रोमहर्षक प्रसंग होऊन बसतो. महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तेथील ठराव, मोर्चा आणि निकाल या तिन्ही गोष्टींच्या तारखा उपलब्ध असून त्या एकापुढे एक मांडल्या की हक्क कागदावरून माणसाच्या हाती कसा येतो, हे स्पष्ट दिसते.

महाड हे सावित्री नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. त्या काळी ते कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. पुढे त्याच जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. रायगड किल्ला तेथून जवळ, दासगावचे बंदर पाच मैलांवर, आणि भोवतालच्या खेड्यांचा सारा बाजारहाट महाडला. सरकारी कचेऱ्याही तेथेच. त्यामुळे खेड्यापाड्यांतील महार मंडळींना महाडला येणे टळत नसे. कधी वतनाच्या चाकरीपोटी सरकारी टपाल पोहोचवायचे असे, कधी गावाचा वसूल भरायचा असे, तर कधी मीठमिरची घ्यायची असे. येणाऱ्याला तहान लागली तर गावाच्या मध्यभागी चवदार तळे होते. चार ते पाच एकरांचे ते विस्तीर्ण तळे पावसाच्या पाण्याने आणि झऱ्यांनी भरत असे. त्याच्या चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे आणि काठावर दगडी घाट. त्या घाटांवर अस्पृश्य मानलेल्या माणसाने पाऊल ठेवायचे नाही, असा गावचा परिपाठ होता. त्याने परत आपल्या वस्तीतील विहीर गाठावी, आणि ती विहीर बाजारापासून दूर होती.

या परिपाठाविरुद्ध बोलणारी माणसे त्या मुलखात पूर्वीपासून होती. महाडजवळच्या रावढळ गावचे, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी महात्मा फुले यांच्या विचारांची प्रेरणा घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली होती. कोकणातील महार कुटुंबांत पलटणीची परंपरा मोठी होती. पलटणीत लिहायला वाचायला शिकलेला शिपाई पेन्शन घेऊन गावी परतला की गावच्या रूढी त्याला अधिकच जाचत. पुढे महाडला जो समुदाय जमला त्यात असे पेन्शनर पुष्कळ होते.

आता ठरावाकडे वळू. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने त्यानुसार खात्यांना आणि स्थानिक संस्थांना कळवले. जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही स्वतंत्र ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला आणि ज्या संस्था पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस केली. अर्थात मार्च 1927 उजाडला तेव्हा कायदे कौन्सिल, सरकार आणि नगरपालिका हे तिघेही अस्पृश्यांच्या बाजूने बोलून चुकले होते. तळे कागदोपत्री तीन वर्षे खुले होते.

तरीही त्या तीन वर्षांत कोणी तेथे पाणी प्यायला गेले नाही. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. खेड्यातील महार कुटुंब बलुत्यावर आणि सवर्णांच्या शेतीवर अवलंबून होते. एकट्यादुकट्या माणसाने घाटाची पायरी उतरली असती तर त्याच दिवशी त्याला मार बसला असता आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचे काम बंद झाले असते. नगरपालिकेचा ठराव त्याच्या पाठीशी उभा राहिला नसता, कारण ठरावाला हातपाय नसतात. ज्यांच्या हाती अंमल होता ते बहुतेक त्याच रूढीत वाढलेले होते.

राजाचा हुकूम आणि गावचा दरवाजा यांतले हे अंतर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी स्वतः अनुभवले होते. इंदूरजवळच्या महू छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचा जन्म झाला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली अमेरिकेत गेले आणि 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांनी पद दिले, परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. उदार राजा आणि विद्वान अधिकारी एकत्र आले तरी शहराचे मन बदलत नाही, हा धडा बडोद्यानेच त्यांना दिला होता. त्यानंतर दहा वर्षांनी ते महाडला आले.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 व 20 मार्च 1927 रोजी महाडला भरली. तिची जुळवाजुळव करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हा तरुण कार्यकर्ता होता. नगरपालिकेच्या कारभारातील वजनदार गृहस्थ सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे आणि मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे असे सवर्ण सहकारीही पाठीशी होते. कोकणातील वाड्यावस्त्यांतून हजारो माणसे भाकरी बांधून पायी आली. त्यांत पंधरा वर्षांची मुले होती, तसे सत्तरीचे वृद्धही होते. परिषदेला पाणी हवे होते, पण तळे शेजारी असून ते घेता येत नव्हते. तेव्हा चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या काळी मजुराच्या दिवसभराच्या कष्टाचे मोल आण्यांत होत असे, त्या काळचे हे चाळीस रुपये आहेत. परिषदेच्या साऱ्या ठरावांहून हा एक आकडा अधिक बोलका म्हणावा लागेल.

पहिल्या दिवशी डॉ. आंबेडकर यांनी अध्यक्षीय भाषण केले. त्यात त्यांनी सरकारवर वा सवर्णांवर सारा भार टाकला नाही. मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे मागणे सोडा, मुलांना शिकवा, पडीक जमिनी मागून शेती करा, सरकारी नोकऱ्यांत शिरा, असा त्यांचा उपदेश होता. लष्कराची दारे महारांना बंद झाल्याने समाजाचे किती नुकसान झाले, हेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरावांचे काम आटोपत आले, तेव्हा अनंतराव चित्रे उठले. नगरपालिकेने तळे खुले केले आहे, तर आपण सर्वांनी मिळून आजच तेथे जावे आणि पाणी प्यावे, असे त्यांनी सुचवले. सभा उठली. चारचारच्या रांगा लागल्या आणि तो समुदाय महाडच्या रस्त्यांतून शिस्तीने तळ्याकडे चालू लागला. डॉ. आंबेडकर घाट उतरले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. मागोमाग इतरांनी ओंजळी भरल्या. मग सारे शांतपणे मंडपाकडे परतले.

याला फार तर दोन तास झाले असतील. तेवढ्यात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेने असे काहीही ठरवले नव्हते. तरी काठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून गेला. तेथे काही मंडळी जेवत होती, काही परतीच्या तयारीत होती. अन्नात माती कालवली गेली, माणसांना मारहाण झाली, स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. गावाच्या वाटांवर सापडलेल्या एकट्यादुकट्यांना गाठून मारण्यात आले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आश्रय दिला. डॉ. आंबेडकर सरकारी बंगल्यात उतरले होते. तेथे जमलेल्या मंडळींत पलटणीत लढलेले लोक होते आणि प्रतिकाराच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द उच्चारला गेला नाही. कायदा आपल्या बाजूचा आहे, तो आपल्या हाताने मोडायचा नाही, हे त्या दिवसाचे धोरण होते. शिपायाने हात उगारण्यापेक्षा तो आवरून धरणे अवघड असते, आणि ते अवघड काम त्या मंडळींनी केले.

या संयमाचे फळ लवकरच दिसले. 6 जून 1927 रोजी जिल्हा मॅजिस्ट्रेटने हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली. परंतु गावाने दुसरी वाट धरली. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारात तळ्यात ओतून ते शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली तो हा दिवस. जोपर्यंत कोणी तळ्यावर गेले नव्हते तोपर्यंत तो ठराव कोणाला खुपला नव्हता. त्याचा उपयोग होताच तो असह्य झाला. एखादा हक्क केवळ शोभेसाठी लिहिला होता की द्यायचा म्हणून लिहिला होता, याची परीक्षा तो वापरल्यावाचून होत नाही, ही गोष्ट येथे उघड झाली.

ठराव रद्द झाल्यावर डॉ. आंबेडकर यांनी डिसेंबरात पुन्हा महाडला सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. विरोधी मंडळींनी आता न्यायालयाचा आश्रय घेतला. 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. तळे आमच्या मालकीचे असून अस्पृश्यांनी ते वापरू नये अशी पूर्वापार वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. 14 तारखेला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला. परिषद तर 25 तारखेला भरायची होती आणि माणसे घराबाहेर पडली होती. मुंबईहून डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगाव बंदरी उतरले व तेथून महाडला आले. परिषदेसाठी जागा मिळणे कठीण झाले होते. अखेर एका मुसलमान गृहस्थांनी ती दिली. मंडपात चित्र एकच होते, महात्मा गांधींचे.

पहिल्याच दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकर यांनी प्रश्नाचे मर्म उलगडून दाखवले. या तळ्यावर गुरेढोरे पाणी पितात, पक्षी पितात, अन्य धर्माची माणसे पितात. मग अडते कोठे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तळ्याचे पाणी न प्यायल्याने आजवर कोणी मेला नव्हता, तेव्हा तहान हे तेथे जाण्याचे कारण नव्हते. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करणे, हे कारण होते. फ्रान्सच्या व्हर्साय येथे 1789 साली भरलेल्या राष्ट्रीय सभेशी त्यांनी या परिषदेची तुलना केली. त्याच रात्री सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विरोध जन्माला नव्हता, जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या शास्त्राला होता.

त्यानंतर परिषदेपुढे खरा पेच उभा राहिला. समोर तळे होते, तुरुंगात जायला तयार असलेली हजारो माणसे होती आणि मध्ये न्यायालयाचा हुकूम होता. 26 तारखेला झालेल्या चर्चेत बहुसंख्य वक्त्यांचा कल हुकूम मोडून तळ्यावर जाण्याकडे होता. जिल्हाधिकारी हूड यांनी स्वतः परिषदेत येऊन न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची विनंती केली. लांबून उपाशीतापाशी आलेल्या माणसांना परत जा म्हणणे कोणत्याही पुढाऱ्याला जड जाते. त्यात नामुष्कीची भीती असते, आणि विरोधकांना विजयाचा डंका पिटायला वाव मिळतो. तरीही 27 तारखेला डॉ. आंबेडकर यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. आपले भांडण रूढिवाद्यांशी आहे. हुकूम मोडला तर ते सरकारशी होऊन बसेल आणि प्रतिपक्ष बाजूला उभा राहून गंमत पाहील, असा त्यातील हिशेब होता. परिषदेने तो मानला. मग सर्वांची मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून ती शांतपणे परतली, आणि पाण्याला कोणी हात लावला नाही. त्याच मुक्कामात डॉ. आंबेडकर यांनी स्त्रियांच्या सभेत भाषण करून अंगावरील हीनत्वाच्या खुणा टाकून देण्यास आणि इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ लुगडे नेसण्यास सांगितले. अनेक जणींनी ते लगोलग अमलात आणले. न्यायालयाचा हुकूम तळ्यापुरता होता. लुगड्याच्या निऱ्या किती खाली सोडाव्यात यावर कोणाची मनाई चालत नव्हती.

येथून पुढची कथा न्यायालयातील आहे, आणि ती सभांच्या वर्णनांत सहसा येत नाही. 23 फेब्रुवारी 1928 रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला, परंतु मूळ दावा चालू राहिला. 8 जून 1931 रोजी महाडच्या न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. वादींनी ठाण्याला अपील केले. तेही 30 जानेवारी 1933 रोजी फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला आणि वादींचे अपील अखेरचे फेटाळले. हेच ब्रूमफील्ड 1922 साली अहमदाबादेस न्यायाधीश असताना त्यांनी महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. पहिली ओंजळ 20 मार्च 1927 ची आणि शेवटचा निकाल 17 मार्च 1937 चा. दहा वर्षांना अवघे तीन दिवस कमी.

हा निकाल बारकाईने पाहण्याजोगा आहे. तळ्यावरील खासगी मालकीचे म्हणणे टिकले नाही. ते नगरपालिकेकडे निहित आहे, हे कायम झाले. राहता राहिला प्रश्न वहिवाटीचा. वादींनी वृद्ध साक्षीदार आणले होते आणि आमच्या आठवणीत अस्पृश्य येथे कधी आले नाहीत, असे ते सांगत होते. न्यायालयाने ही साक्ष पुरेशी मानली नाही. काही काळ चालत आलेली रीत म्हणजे अनादी रूढी नव्हे. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी अशी बंदी घालण्याचा यत्न कोणी केला असेल हेच संशयास्पद आहे, असा न्यायमूर्तींचा अभिप्राय पडला.

या युक्तिवादात सामाजिक लढ्यांच्या दृष्टीने एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे. अस्पृश्य माणूस तळ्यावर येत नव्हता तो मारहाणीच्या भीतीने. पण त्याचे न येणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून न्यायालयात मांडला गेला. भीतीने पाळलेले मौन काही पिढ्यांनंतर संमती म्हणून दाखवले जाते. न वापरलेला हक्क नुसता पडून राहत नाही. तो हळूहळू उलट बाजूच्या वहिवाटीत जमा होत जातो. 20 मार्चच्या मोर्चाने हा जमाखर्च थांबवला. त्या दिवसानंतर अस्पृश्य येथे कधी आले नाहीत, असे पुढच्या पिढीतील कोणाही साक्षीदाराला शपथेवर सांगणे अशक्य झाले.

निकालाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. रूढी सिद्धच झाली नाही, म्हणून ती वाजवी आहे की लोकहिताच्या विरुद्ध आहे, हे ठरवण्याची वेळ न्यायालयावर आली नाही. म्हणजे खटला जिंकला गेला, पण मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. रूढी सिद्ध झाली असती तर काय, माणसाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे तेवढ्याने न्याय्य ठरले असते काय? या प्रश्नाचे उत्तर दिवाणी कायद्यात नव्हते. ते राष्ट्राने द्यावयाचे होते.

ते उत्तर 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानात आहे. ज्यांच्यावर महाडच्या न्यायालयात दावा गुदरला होता तेच त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही अशा स्थळांची यादी आहे. तीत दुकाने व उपाहारगृहे यांच्या जोडीने, सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावे आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या मूलभूत कायद्यात तळे आणि घाट हे शब्द कशासाठी यावेत, असे नवख्या वाचकाला वाटेल. महाडची हकीकत माहीत असलेल्याला तसे वाटत नाही.

तरीही शेवटी मूळ धडा तोच राहतो. 1924 चा ठराव तीन वर्षे निजून राहिला, कारण तो वापरणारे पाऊल पडले नव्हते. संविधानातील खंडही ठरावच आहे; तो मोठा आहे, कायद्याचे बळ असलेला आहे, पण त्यालाही पाऊल लागते. एखाद्या गावी पाणवठ्यावर, देवळाच्या वाटेवर, स्मशानाच्या जागेवर जात अजून आडवी येत असेल, तर तेथे कायदा नाही असे नसते. तो वापरायला एकटा माणूस भितो आणि त्याच्यासोबत चालायला कोणी निघत नाही, एवढेच असते. महाडला दर वर्षी 20 मार्चला दूरदूरची माणसे जमतात आणि तळ्याची ओंजळ घेतात. त्या पाण्याची चव इतर पाण्यासारखीच आहे. ते पिण्यासाठी चार हात पुढे यावे लागले आणि दहा वर्षे थांबावे लागले, याची आठवण मात्र त्या ओंजळीत आहे.